काचेतला साठ

शालिकराम खोब्रागडे यांच्याबरोबर मी अकरा वर्षं एका आवारात काम केलं. तरी त्यांचं नागपूरच्या इंदोरा वस्तीतलं घर मी एकदाच पाहिलं, तेही बाहेरून. त्यांना दोन मुली होत्या. मुलगा होता की नव्हता, हे मी दोन माणसांकडून दोन प्रकारे ऐकलं आणि त्यांना स्वतःला कधी विचारलं नाही. त्यांचं गाव कोणतं, ते नागपूरला कधी आले, गाडी चालवायला कुठे शिकले, यातलं काहीच मला धड सांगता येणार नाही. आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाने जुन्या सहकाऱ्यांबद्दल लिहा म्हणून कळवलं, तेव्हा वाटलं की साहेबलोकांवर लिहिणारे पुष्कळ निघतील, शालिकरामजींवर कोणी लिहिणार नाही. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर अक्षरं रंगवली, पण ती दुसऱ्यांनी सांगितलेली.

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीचं मोटार गॅरेज होतं. नऊ अँबेसिडर आणि चार जीप. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दारांवरचं खात्याचं नाव, आवारातल्या पाट्या, हे सगळं मी रंगवत असे. शालिकरामजी ड्रायव्हर होते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, उंच, बोलणं कमी. पंचवीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता, असं बाकीचे ड्रायव्हरच सांगत, आणि ड्रायव्हर एकमेकांबद्दल असं सहसा बोलत नाहीत.

गाडी परत आली की ड्रायव्हरने मीटरवरचे किलोमीटर लॉगबुकात लिहून सही करायची, असा नियम होता. शालिकरामजी लॉगबुक घेऊन माझ्या शेडमध्ये येत.

"पेंटर, तुमचं अक्षर पाहा कसं मोत्यावानी आहे. तुम्हीच लिहा गा."

मी ब्रश ठेवून, हात पुसून गाडीपाशी जायचो, आकडा पाहायचो आणि लिहायचो. जवळजवळ वर्षभर मी या कौतुकावर खूश होतो. माझ्या अक्षराचं कौतुक करणारे लोक फार नव्हते.

एक दिवस घाईत मी बाहेरूनच विचारलं, "किती झाले?" ते आत वाकले, मान मागे घेतली, पुन्हा वाकले आणि एक आकडा बोलले. मी लिहिला. ते सही करत असताना माझी नजर मीटरकडे गेली तर साठ किलोमीटरचा फरक. मी म्हणालो, "शालिकरामजी, सात आहे तो, एक नाही."

"तुम्हाले दिसते तं मले काहून विचारता?" ते एकदम चिडून बोलले आणि निघून गेले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच आले आणि रंगाच्या डब्यावर बसले.

"पेंटर, दूरचं मले तुमच्याहून साफ दिसते. त्या पिंपळाच्या शेंड्यावर कोण पाखरू बसलं सांगू? पण जवळचं कोणी ओल्या बोटानं पुसल्यावानी होऊन राह्यलं. मीटर दिसतच नाई."

"मग चष्मा घ्या."

"घेतला. लावला की मीटर दिसते अन् रस्ता जाते. काढला की रस्ता दिसते अन् मीटर जाते. आता सांगा, गाडी मीटरमंधून चालवू का रस्त्यावरून?"

दोन भागांचा चष्मा मिळतो हे त्यांना माहीत होतं. पण चष्मा लावून ड्रायव्हिंग करायचं तर आधी मेडिकल बोर्डापुढे जायला लागे, आणि आमच्या कचेरीतून बोर्डापुढे गेलेला एक ड्रायव्हर परत आला तो शिपाई होऊन. त्या माणसाला फायली वाहताना शालिकरामजी रोज पाहत. म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते मी कुठे बोलणार नाही म्हणून, आणि तेवढ्यापुरता त्यांचा अंदाज बरोबर होता.

हे सगळं तसंच निभलं असतं. पण पेट्रोल महागलं आणि साहेबांनी हुकूम काढला की खात्याची कोणतीही गाडी ताशी साठच्या वर जाणार नाही. त्या अँबेसिडरमध्ये मीटर डॅशबोर्डच्या मधोमध असे. मागे बसलेल्या साहेबाला तो अगदी समोर दिसे. ड्रायव्हरला मान वळवून खाली पाहायला लागे. साहेब नवे होते, तरुण, पुण्याकडचे, हुशार. ते मागे बसून मीटर वाचत.

"खोब्रागडे, अडुसष्ट."

उमरेडच्या रस्त्यावर पहिला मेमो मिळाला. भिवापूरहून येताना दुसरा. इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखण्याची त्यांना सवय होती, पण त्याच महिन्यात त्यांना एक नवीच गाडी दिली होती आणि तिचा आवाज अजून त्यांच्या कानात बसला नव्हता. दिवस आणीबाणीचे होते. मेमो म्हणजे पूर्वीसारखा फाईलला लावून विसरायचा कागद राहिला नव्हता. आमचे सुपरवायझर चंपतराव म्हणाले, "तिसरा आला तं माझ्या हातात काई नाई राहणार भाऊ. नजर तपासायले पाठवतील."

तेव्हा शालिकरामजींच्या डोक्यात ती गोष्ट आली. सोनेगावच्या विमानतळावर साहेबांची वाट पाहत असताना वायुसेनेच्या एका मेकॅनिकशी त्यांची ओळख झाली होती. त्याने सांगितलं होतं की लढाऊ विमानात पायलटच्या समोर एक काच असते आणि त्या काचेत आकडे तरंगताना दिसतात. पायलटला मान खाली घालावी लागत नाही.

"मले तेच पाहिजे," शालिकरामजी म्हणाले. "माही मान काहून खाली जावी?"

भंगारातला एक मीटर त्यांनी मिळवला. काटा काढून टाकला आणि त्याच्या जागी हलकी चकती बसवायचं ठरवलं. चकतीच्या कडेला आकडे, मागे बल्ब, पुढे एक खाच. गाडीचा वेग वाढला की चकती फिरणार आणि खाचेतून एका वेळी एकच आकडा उजळणार. त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत. चकतीसाठी पत्रा जड होत होता, मीटरची स्प्रिंग तो ओढत नव्हती. मग धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या कंपाउंडरकडून त्यांनी जुने एक्सरे आणले. ते सोड्याच्या पाण्यात धुतले की साफ पारदर्शक फिल्म निघायची. कुणाची तरी बरगडी पुसून आम्ही त्यावर आकडे काढत होतो.

आकडे काढणं माझं काम होतं. प्रतिबिंब उलटं पडतं, म्हणून मी दोन दिवस खपून सगळे आकडे उलटे गिरवले. फार कठीण काम. शालिकरामजींनी चकती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "पेंटर, सुलटे काढून फिल्मच पालटवली असती तं?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चालते. हात साफ झाला तुमचा."

पहिल्यांदा बल्ब लावून पाहिला तेव्हा काचेत आकडा दिसला. मला दिसला. ते सीटवर बसले होते. बराच वेळ पाहत राहिले आणि खाली उतरले.

"तसंच आहे."

"म्हणजे?"

"तसंच पुसलेलं. हे काचेनं उचललं फक्त. दूर नाई नेलं."

मला हे समजायला फार वेळ लागला. डोळ्याच्या दृष्टीने तो आकडा हातभरच लांब होता, मग तो खाली मीटरवर असो की समोर काचेत. गाडीतला दुसरा कोणताही माणूस म्हणाला असता, झालं की काम. ज्याच्यासाठी ते केलं त्यालाच ते दिसत नव्हतं. एवढ्या खटपटीनंतर आम्ही होतो तिथेच होतो. त्या आठवड्यात ते माझ्या शेडकडे फिरकले नाहीत.

गांधीबागेजवळ ताराचंद नावाचे एक वयस्क गृहस्थ चष्मे आणि जुने कॅमेरे दुरुस्त करत. वाट त्यांनी दाखवली. भिंग घ्या, म्हणाले, आणि आकडा भिंगापासून इतक्याच अंतरावर ठेवा. एक सूत जास्त नाही, एक सूत कमी नाही. मग भिंगातून निघालेला उजेड सरळ जातो आणि डोळ्याला वाटतं की आकडा लांबवर आहे, चंद्रासारखा. त्यांनी जुन्या प्रोजेक्टरचं एक भिंग दिलं. त्याच्या कडेचा टवका उडाला होता.

ते अंतर जुळवण्यात पावसाळा संपत आला. रोज कामानंतर अर्धा तास मिळे. गाडीची मागची चाकं जॅकवर उचलायची, गिअर टाकायचा, चाकं जागेवरच फिरवायची. बाकीचे ड्रायव्हर गंमत पाहायला येत. गणपतराव त्यात पुढे. ते शालिकरामजींच्याच वयाचे होते, पण जवळच्या गावाला जायच्या ड्युट्या घेत आणि साहेबांपासून लांब राहत.

"काय गा शालिकराम, काचेत शिनेमा लावून राह्यला का?"

"हो."

"हिरोइन कोण आहे?"

"तुही बायको."

सगळे हसत. गणपतराव सगळ्यांत मोठ्याने. मग आकडा दिसला नाही की हसणं बंद व्हायचं आणि एकेक जण सायकल काढायचा.

एक दिवस तो दिसला. ढगाळ संध्याकाळ होती. मी बाहेरून हात घालून चकती-बल्ब बसवलेली पेटी भिंगापासून हळूहळू मागे सरकवत होतो आणि ते सीटवर बसून म्हणत होते, मागं, अजून मागं, अजून. मग ते बोलायचे थांबले. मी विचारलं, "गेला का?" उत्तर आलं नाही. मी दाराशी गेलो. ते समोर पाहत होते, बॉनेटच्याही पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीकडे. भिवया आक्रसलेल्या नव्हत्या. मान मागे गेलेली नव्हती. पाय हळूहळू दाबत ते वाचत होते. "चाळीस. पन्नास. साठ." मग पाय उचलून, "पन्नास." चौथीत वाचायला उभं केलेल्या मुलासारखं त्यांनी ते चार वेळा वाचलं.

त्यानंतर आकडे सुधारायचं काम सुरू झालं. या एका कामात मी थोडा उपयोगी पडलो असेन. आधी मी नंबरप्लेटसारखे, सावली दिलेले आकडे काढले. ते म्हणाले, "हे का मिठाईचं दुकान आहे?" बारीक काढले तर उजेडात विरून गेले. जाड काढले तर साठ आणि ऐंशी सारखेच दिसायला लागले, कारण अंधाऱ्या जागेत उजळलेला आकडा फुगतो आणि इंग्रजी सहाचं तोंड बुजून जातं. मग मी सहाचं तोंड नेहमीपेक्षा रुंद उघडं ठेवलं. तांबडा जिलेटिनचा कागद लावून पाहिला.

"काढा तो. समोर तांबडं दिसलं की पाय ब्रेकवर जाते."

शेवटी हिरवा राहिला. आकडेही त्यांनी कमी करायला लावले. "वीस अन् तीस कायले पाहिजे? तेवढं तं पायालेच समजते." चकतीवर चाळीस, पन्नास, साठ एवढेच राहिले, आणि साठच्या पुढे नुसती एक जाड आडवी पट्टी. पट्टी दिसली की पाय उचलायचा. वाचायचीसुद्धा गरज नाही.

हल्ली फार महागड्या गाड्यांत असे आकडे काचेवर दिसतात असं ऐकतो. मी पाहिलेले नाहीत.

अडचणी होत्याच. भर दुपारी आपल्या उन्हापुढे तो बल्ब काहीच नव्हता. मोठा बल्ब लावला तर फिल्म पापडासारखी वळली आणि पुन्हा सगळे आकडे काढावे लागले. काचेच्या खालच्या भागात, ड्रायव्हरच्या बाजूला, निळा जिलेटिन चिकटवला तेव्हा सकाळी अकरापर्यंत आणि चारनंतर आकडा नीट दिसू लागला. मधल्या उन्हाचं उत्तर आम्हाला सापडलं नाही.

आणि सप्टेंबरात तिसरा मेमो आला. भर दुपारचा. पेटी आम्ही अजून फक्त आवारातच लावून पाहत होतो, ड्युटीवर नाही.

चंपतराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी तो कागद दोन आठवडे खाली दाबून ठेवला आणि एक दिवस साहेबांशी बोलून आले. म्हणाले, "मी सांगतलं, खोब्रागडेनं साठच्या वर गाडी न जाण्यासाठी एक यंत्र बनवलं आहे, एकदा पाहा. पसंत पडलं तं सगळ्याच गाड्यांले लावू. नजरेचं मी काई बोललो नाई. साहेब दहा मिनिटं देतो म्हणाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचले. रात्रीच्या गाडीनं ते मुंबईले चालले, अन् महिनाभर येत नाईत. पसंत पडलं तं मेमो फाडतो. नाई तं दुसऱ्या दिवशी बोर्डाले कागद जाते."

आम्ही दोघं खूश झालो. साडेपाचला उजेड अगदी हवा तसा असतो. बाकी कोणताच विचार आमच्या डोक्यात आला नाही. इथेच आमची चूक झाली, आणि ती दोघांची दोन प्रकारची होती.

दसऱ्यापर्यंतचे तीन दिवस शालिकरामजी दरवर्षी रजेवर असत. त्या दिवसांत दीक्षाभूमीला गावोगावचे लोक येतात. त्यांच्या सासरची माणसं भिवापूरकडून यायची आणि घरात पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळे खांडेनवमीला आमच्या गॅरेजात काय होतं, ते त्यांनी इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मी दरवर्षी पाहत होतो. त्या दिवशी सगळ्या गाड्या धुऊन ओळीने लावतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीला हार घालून काचेवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतो. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खालच्या भागात, जिथे हात पोचतो तिथे. शालिकरामजींच्या गाडीला फक्त हार घातला जाई, स्वस्तिक कोणी काढत नसे. म्हणून मला काही वाटलं नाही.

साहेबांना दाखवायच्या दिवशी दुपारी तीन वाजता दुसऱ्याच एका अधिकाऱ्याला अचानक चंद्रपूरला जायचं निघालं आणि आवारात तयार उभी होती ती शालिकरामजींची गाडी. ती गेली. पेटी मी गाड्या धुण्याआधीच काढून शेडमध्ये ठेवली होती, तेवढी वाचली. आवारात उरलेल्या अँबेसिडरमध्ये चालू स्थितीतली एकच होती, गणपतरावांची.

आम्ही धावपळ करून पेटी बसवली, मीटरची केबल तिला जोडली, चाकं उचलली. पाच वाजून दहा मिनिटांनी बल्ब लावला. साठचा आकडा बरोबर स्वस्तिकाच्या मधोमध येत होता. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, चांगलं वीतभर रुंद. सहाचं उघडं ठेवलेलं तोंड त्यात कुठे हरवलं ते दिसतही नव्हतं. पेटी सरकवावी तर भिंगाचं अंतर मोडत होतं आणि डॅशबोर्डवर दुसरीकडे सपाट जागा नव्हती.

गणपतरावांनी हार स्वतःच बाजूला सरकवला. स्वस्तिकाकडे पाहून मान हलवली.

"थे पुसायचं नसते भाऊ. आपोआप जाते."

"दहा मिनिटं लागतात गणपतराव. मग पुन्हा काढा," मी म्हणालो.

"मी नाई पुसत." मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी चहा पेऊन येतो. मी पुसणार नाई, अन् मी नसताना काय झालं ते मी पाहिलं बी नाई."

ते गेले. गाडीपाशी आम्ही दोघंच उरलो. माझ्या हातात टर्पेंटाइनची चिंधी होती. माझ्या हातात ती नेहमीच असे.

शालिकरामजी काचेपासून दोन हात लांब उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "पेंटर, मी पुसलं तं उद्या ते वेगळंच होईल. माह्या हातानं नाई जमत. तुम्ही पुसा."

ते खरं होतं. त्यांनी ते पुसलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा अर्थ काढला असता, आणि मग मेमो, बोर्ड हे सगळं बाजूला राहून भलतंच सुरू झालं असतं. मी पुसलं असतं तर गणपतराव फार तर दोन शब्द बोलले असते. कदाचित तेही नाही. मला हे त्या क्षणीसुद्धा कळत होतं. कळलं नाही म्हणून राहून गेलं, असं मला म्हणता येत नाही.

मी म्हणालो, "थांबा. गणपतराव येऊ द्या. त्यांच्यासमोर पुसू."

शालिकरामजींनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

मी का थांबलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. श्रद्धा म्हणावी तर मी तेवढा देवभोळा नव्हतो. भीती म्हणावी तर भिण्यासारखं कोणी तिथे नव्हतं. काही करायची वेळ आली की दुसरं कोणीतरी येईल, अशी वाट पाहायची मला सवय होती. चिंधी हातात घेऊन मी फाटकाकडे पाहत उभा राहिलो. गणपतराव आले नाहीत. साहेब आले, आणि पाच मिनिटं आधी आले.

ते स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चंपतरावांनी सांगितलं, "साहेब, समोर काचेत पाहा." शालिकरामजी खिडकीशी वाकून म्हणाले, "ॲक्सिलेटर दाबा साहेब. हळू."

चाकं फिरू लागली. साहेबांनी डोळे बारीक केले.

"कुंकू दिसतंय."

"त्याच्या मागं, साहेब. हिरवं."

"हिरवं काहीतरी आहे खरं. वाचता येत नाही." त्यांनी मान वळवून डॅशबोर्डकडे पाहिलं. आमच्या यंत्राला केबल जोडल्यामुळे तिथला काटा शून्यावर पडला होता. "आणि चालू मीटर तुम्ही बंद केलात?"

"तो जोडता येते साहेब, त्याले दुसरी केबल..."

"पण मीटर इथे आहेच की. चांगला मोठा आहे. मला मागच्या सीटवरून वाचता येतो. तुम्हाला पुढून का वाचता येऊ नये?"

 या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते दिलं की सगळं संपत होतं. साहेबांना स्वतःला तो साठ लांबवर, स्वच्छ, तरंगताना दिसला असता, तर हा प्रश्न त्यांनी विचारलाच नसता, असं मला वाटतं. ते हुशार होते, नव्या वस्तूची त्यांना आवड होती. पण त्यांनी पाहिलं ते फासलेलं कुंकू आणि बंद पडलेला मीटर.

"खोब्रागडे, तुम्हाला मीटर दिसत नाही का?"

शालिकरामजी ताठ उभे राहिले. "दूरचं चांगलं दिसते साहेब."

साहेब गाडीतून उतरले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. चंपतरावांना म्हणाले, "यांना नजर तपासायला पाठवा. त्यांच्याच भल्यासाठी." आणि घड्याळ पाहून गेले.

गणपतराव चहा पिऊन आले तेव्हा आम्ही पेटी काढत होतो. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुसलं काहून नाई बे?"

मी पेटीचे स्क्रू काढत राहिलो.

बोर्डाने लिहिलं की लांबची नजर उत्तम आहे, जवळच्यासाठी चष्मा हवा. कचेरीने त्यातला चष्मा हा शब्द घेतला आणि बाकीचं सोडून दिलं. पुढच्या महिन्यापासून शालिकरामजी फाटकावर बसू लागले. गाडी आली की फाटक उघडायचं, आत-बाहेर गेल्याची वेळ वहीत लिहायची. वही त्यांनी माझ्याकडे कधी आणली नाही. चष्मा लावून स्वतः लिहीत. त्यांची गाडी एका नव्या ड्रायव्हरला मिळाली. रोज सकाळी तिच्यासाठीही तेच फाटक उघडत.

त्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते सायकलवरून जाताना दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. दारासमोर त्यांची बायको पंचफुलाबाई खाटेवर मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी थोडा वेळ नळापाशी उभा राहिलो आणि सायकल वळवली.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं. पाण्याचं, उन्हाचं, गाड्यांचं बोलायचे. त्या पेटीचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाच वर्षं आम्ही असंच बोलत राहिलो, आणि त्या पाच वर्षांत रोज दोनदा, येताना आणि जाताना, त्यांच्या घरी बोलायचं राहिलेलं ते बोलण्याची संधी मला होती.

एक्क्याऐंशी साली माझी बदली अमरावतीला झाली. शालिकरामजी वारल्याचं मला तिथे कळलं, तेही चार महिन्यांनी, चंपतराव अमरावतीला एका लग्नाला आले होते तेव्हा. मी नागपूर सोडलं त्या संध्याकाळी ब्रश आणि स्टेन्सिलं पिशवीत भरून, सायकल हातात धरून फाटकापाशी आलो होतो. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि माझ्यासाठी पूर्ण फाटक उघडलं. सायकलला एवढं उघडायची गरज नव्हती. मी थांबलो. त्यांची नजर माझ्या मागच्या चाकावर गेली.

"हवा कमी आहे गा मागच्यात."

"हो. भरतो."

"चौकातच भरून घ्या. पुढं दुकान नाई."

"बरं," मी म्हणालो.